बस्त्याला सुरतेला जाताय? जुनी सुरतही पाहून या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात सुरत हे परगाव वाटतच नाही. अमळनेर, धरणगाव, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार या पट्ट्यात कुणाचा भाऊ उधन्याला लूमवर आहे, कुणाची बहीण लिंबायतला दिली आहे, कुणाचा मुलगा मार्केटात साड्यांचे गठ्ठे बांधतो. लग्न ठरलं की बस्त्याला सुरत. आजारपण, बारसं, नोकरी, सगळ्याला सुरत. तरीही वीस वीस वर्षं ये-जा करणाऱ्या माणसाला सुरतेचा किल्ला कुठे आहे विचारलं, तर तो रिंगरोडच्या पुलाकडे बोट दाखवतो. मीही त्यातलाच होतो. मामांकडे कित्येक उन्हाळे काढले आणि किल्ल्यालगतचा चौक बाजार पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. तेव्हापासून गावाकडची माणसं सुरतेला निघाली की मी त्यांच्या मागे लागतो. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

सुरतेत कापड आणि हिरे सोडून बघण्यासारखं आहे तरी काय?

हिंदुस्थानात इंग्रजांचं बस्तान बसलं ते सुरतेत. मुंबई तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हती. १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' नावाचं जहाज घेऊन इथे आला. १६१२ मध्ये थॉमस बेस्टने सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यानंतर बादशाही फर्मान मिळून वखार उभी राहिली. पाठोपाठ डच आले, फ्रेंच आले. आर्मेनियन व्यापारीही इथे होते. हज यात्रेकरूंची जहाजं इथूनच सुटत, म्हणून सुरतेला मक्केचं दार म्हणत. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं आणि मग हळूहळू सुरतेचा दर्या ओस पडत गेला.

त्या काळातलं जे शिल्लक आहे ते जुन्या शहरात, तापीच्या काठाने, एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. किल्ला, मुघलसराई, इंग्रज-डच-आर्मेनियन कबरस्तानं, कवी नर्मदांचं घर, घड्याळाचा मनोरा. संग्रहालय मात्र शहराच्या नव्या भागात आहे.

याचा आपल्या खान्देशाशी काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. सुरतेच्या बंदरात चढणारा माल आभाळातून पडत नव्हता. बुऱ्हाणपूर हे मोगलांचं दक्षिणेतलं मोठं ठाणं, आणि बुऱ्हाणपूर ते सुरत हा रस्ता आपल्या तापीच्या खोऱ्यातून जायचा. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये सुरतेहून या रस्त्याने बुऱ्हाणपूरला गेला. त्याने वाटेतले मुक्काम लिहून ठेवले आहेत : नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर. स्पेलिंग त्याची चमत्कारिक आहेत, पण गावं ओळखू येतात. एसटीच्या पाटीवर वाचतो तीच गावं! १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेला उतरला, तोही जहांगीर बादशहाच्या भेटीला निघताना आधी याच बाजूने बुऱ्हाणपूरला शहजादा परवेझकडे गेला.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नवापूरच्या तांदळाची तारीफ केली आहे. दाणा बारीक आणि शिजवला की कस्तुरीसारखा वास, असं तो लिहितो. नवापूरकडच्या माणसाला हे सांगून बघा, त्याचा चेहरा खुलतो.

आणि धरणगाव. १६७०च्या दशकात इंग्रजांनी कापडाच्या खरेदीसाठी धरणगावला वखार काढली होती. मराठ्यांच्या फौजांनी ती लुटल्याचीही नोंद आहे. म्हणजे आज धरणगावचा पोरगा कामासाठी सुरतेला जातो, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरतेचे साहेब कापडासाठी धरणगावला येत होते. धरणगाव स्टेशनवरून गाडी सुटली की मला दर वेळी हे आठवतं.

जायचं कसं?

रेल्वेनेच जा. जळगाव–उधना ही सुमारे ३०६ किलोमीटरची लाइन आपल्या दारातून जाते : पाळधी, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली. नवजीवन आणि ताप्ती-गंगा या नेहमीच्या एक्स्प्रेस गाड्या, शिवाय भुसावळहून पॅसेंजर. वेळापत्रक बदलत असतं, ते रेल्वेच्या ॲपवर आदल्या दिवशी बघून घ्या. ताप्ती-गंगेला जनरल डब्यात बायका-मुलं घेऊन चढायचा हट्ट करू नका, उत्तरेकडची ती गाडी बहुतेक खचाखच भरलेली असते. लग्नसराईत आणि दिवाळीनंतर आरक्षण आधीच करा.

रस्त्याने गेलात तर धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट, विसरवाडी, नवापूर आणि पुढे सोनगढ, बारडोली. कोंडाईबारीत रात्रीची गाडी जपून चालवा.

नवापूर स्टेशनाबद्दल ऐकतो ते खरं आहे का?

खरं आहे. स्टेशनाच्या मधूनच महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. फलाटावर एक बाकडं आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. गाडी थांबली तर उतरून फोटो काढायला हरकत नाही, पण गाडी फार वेळ थांबत नाही.

किल्ला बघण्यासारखा आहे का? आपल्याकडचे गड पाहिलेत, मग त्यात काय विशेष?

साल्हेर, लळिंग डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. हा डोंगरी किल्ला नाही, बंदराची राखण करणारा भुईकोट आहे. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, जाड भिंती आणि शेजारी तापी. पोर्तुगीज दर्यावरून येऊन शहर जाळायचे. १५३० मध्ये त्यांनी सुरत अशीच बेचिराख केली होती. त्यांना आवर घालायला गुजरातच्या सुलतान महमूद तिसऱ्याच्या काळात, १५४०च्या दशकात, खुदावंद खान या सरदाराने तो बांधला. १५७३ मध्ये अकबराने जिंकला, १७५९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं तिथे सरकारी कचेऱ्या होत्या. अलीकडे महापालिकेने मनावर घेऊन जीर्णोद्धार केला आणि आत संग्रहालयाची दालनं उभी केली.

माझं सांगणं असं, की आधी बाहेरून नदीच्या बाजूने किल्ला बघा, मग आत जा. ही नदी म्हणजे आपली तापीच आहे, भुसावळच्या पुलाखालून वाहत आलेली. जळगावला पावसाळ्यात 'हतनूरचे इतके दरवाजे उघडले' अशी बातमी येते ना, ते पाणी उकाईच्या धरणात जातं आणि तिथून सुरतेला. त्या बुरुजाजवळ उभं राहिलं की हे नातं नकाशाशिवाय कळतं. निदान दोन तास हाताशी ठेवा.

शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्याच्या खुणा कुठे दिसतात?

मराठी माणूस सुरतेत हा प्रश्न विचारणारच, आणि विचारावाच. महाराज दोनदा आले : जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. पहिल्या वेळी शहराला धड तटबंदीसुद्धा नव्हती. मोगल सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात जाऊन बसला. वीरजी व्होरासारख्या गडगंज सावकाराची पेढी लुटली गेली. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी लढवत राहिले. विटांची पक्की तटबंदी झाली ती या धड्यानंतर.

म्हणून 'इथे लूट झाली' असं बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा नाही. त्यातल्या त्यात किल्ला, कारण सुभेदार जिथे लपला ती जागा तरी उभी आहे. दुसरी खूण कबरस्तानात आहे, ती पुढे सांगतो.

१६७०च्या स्वारीची परतवाट मात्र आपल्या अगदी जवळून गेली. महाराज बागलाणातून मुल्हेरच्या बाजूने निघाले आणि वणी-दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी मोठी लढाई झाली. साल्हेर-मुल्हेर चढून आलेल्यांनी सुरत पाहिली की ही सगळी वाट डोक्यात जुळते.

एक विनंती. तिथल्या गुजराती माणसाच्या घरात ही आठवण वेगळ्या बाजूने सांगितली जाते. ज्यांचं घर लुटलं गेलं त्यांच्या वंशजांनी ती तशी सांगणं स्वाभाविक आहे. ऐकून घ्या. मला अशाच एका म्हाताऱ्या दुकानदाराने जुन्या पेठेच्या गल्ल्या अर्धा तास फिरून दाखवल्या होत्या.

कबरस्तान काय बघायचं? घरातली मोठी माणसं नाही म्हणतात.

समजावून सांगा आणि घेऊन जा. सुरतेत एकच जागा बघायला वेळ असेल तर मी हीच सांगेन. कतारगाम दरवाज्याच्या बाजूला, स्टेशनपासून फार लांब नाही. नावाला कबरस्तान, पण बघताना छोट्या छोट्या राजवाड्यांचं गावच वाटतं. घुमट, कमानी, खांब, जिने. हे युरोपातले व्यापारी जिवंतपणी मोगल उमरावांचा थाट बघून दिपले होते, आणि मेल्यावर त्यांनी आपली थडगीही तशाच थाटाची बांधून घेतली. क्रूस कमी आणि घुमट जास्त.

इंग्रजांच्या कबरस्तानात सर जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांचं दुमजली स्मारक आहे. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, जॉर्ज १६६९ मध्ये. वर सांगितलेली दुसरी खूण ती हीच : जानेवारी १६६४ मध्ये महाराज शहरात असताना इंग्रजांची वखार लढवणारा प्रमुख होता हा जॉर्ज ऑक्झेंडन. शाळेच्या पुस्तकात आपण इंग्रज वखारीबद्दल एक ओळ वाचतो. ती वखार लढवणारा माणूस इथे पुरलेला आहे.

डचांच्या कबरस्तानात सगळ्यांत मोठा घुमट हेन्ड्रिक व्हान रीडचा. इंग्रजांच्या स्मारकावर मात करायची म्हणून तो एवढा भव्य बांधला, असं सांगतात. पण हा माणूस थाटासाठी लक्षात ठेवावा असा नाही. मलबारचा डच गव्हर्नर असताना त्याने तिथल्या झाडापाल्याची, औषधी वनस्पतींची माहिती स्थानिक वैद्यांच्या मदतीने जमवली, चित्रं काढून घेतली, आणि त्यातून 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ झाला. १६९१ मध्ये सुरतेला येताना जहाजावरच तो गेला. केरळातली झाडं जगाला दाखवणारा माणूस तापीकाठी निजला आहे, आणि शेजारून रोज हजारो खान्देशी माणसं शिफ्टला जातात.

आर्मेनियन कबरस्तान साधं आहे. जमिनीलगतचे दगड आणि त्यांवर त्यांच्या लिपीतली अक्षरं. वाचता येत नाहीत, तरी हात लावून बघावंसं वाटतं. लावू नका, दगड झिजतात.

रायगडावर राज्याभिषेकाला आलेला ऑक्झेंडन तो हाच का?

नाही. हा घोळ पुष्कळांचा होतो. १६७४ मध्ये रायगडावर आला तो हेन्री ऑक्झेंडन. सर जॉर्ज त्याच्या पाच वर्षं आधीच वारला होता.

इंग्रजांची पहिली वखार बघता येते का?

वखार म्हणून उभी इमारत आज नाही. जुन्या शहराच्या त्या भागातून फिरता येतं, एवढंच.

मुघलसराई म्हणजे महापालिकेचं ऑफिस ना? तिथे काय बघायचं?

ऑफिसच आहे, आणि म्हणूनच बघा. १६४४ मध्ये, शाहजहानच्या काळात, यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांच्या मुक्कामासाठी ही सराई बांधली. १८६७ पासून तिथे नगरपालिकेचा कारभार चालतो. ज्या चौकात हजला निघालेली माणसं बोचकी सोडून बसत, तिथे आज घरपट्टीचे आणि जन्मदाखल्याचे कागद घेऊन माणसं उभी असतात. बाहेरचा दरवाजा आणि चौक बघायला सहसा कुणी अडवत नाही. कामाच्या दिवशी गेलात तर लोकांच्या रांगेत आड येऊ नका आणि फोटो विचारून काढा.

संग्रहालय कुठलं बघावं?

सरदार वल्लभभाई पटेल संग्रहालय. १८९० मध्ये विंचेस्टर म्युझियम या नावाने ते सुरू झालं, आता सिटीलाइट भागात सायन्स सेंटरच्या इमारतीत आहे. जरीकाम, लाकडी कोरीवकाम, चिनी मातीची भांडी, धातूच्या मूर्ती, जुनी शस्त्रं. जरीच्या दालनात घाई करू नका. तुमच्या लग्नाच्या शालूवरची जरी बहुतेक या शहरातून आलेली असते, आणि ती तार कशी ओढतात, तिच्यावर मुलामा कसा चढवतात हे समजून घेतलं की शालू हातात धरण्याची रीतच बदलते.

तिथेच तारांगण आणि विज्ञानाची दालनं आहेत, मुलं रमतात. सोमवारी सहसा बंद असतं, म्हणून सोमवार बस्त्याला ठेवा आणि संग्रहालय त्याआधीच बघून घ्या.

नर्मदांचं घर मराठी माणसाने का बघावं?

नर्मद (१८३३–१८८६) हे अर्वाचीन गुजराती साहित्याचे उभारणीकर्ते. विधवाविवाहाच्या बाजूने उभे राहिले आणि स्वतः विधवेशी लग्न करून बोलणं खरं करून दाखवलं. आपल्याकडे लोकहितवादी आणि जोतीराव लिहीत होते त्याच काळात. आमलीरान भागातलं त्यांचं 'सरस्वती मंदिर' हे घर महापालिकेने जतन केलं आहे. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पूर्वी घरं कशी असत, माळा कसा, जिना कसा, हे मुलांना दाखवायला उत्तम.

समुद्र कुठे आहे? सुरतेला समुद्र दिसत नाही अशी मुलांची तक्रार असते.

बरोबर आहे मुलांची. शहर तापीवर आहे, समुद्र पुढे. नदी गाळाने भरायची आणि मोठी जहाजं शहरापर्यंत येत नसत. ती सुवाळीला नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून शहरात यायचा. शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवरची सुवाळी आज मोकळी किनारपट्टी आहे. १६१२ची लढाई या पाण्यात झाली. त्याच बाजूला राजगरी गावाजवळ एक जुनी कबर आहे, ती टॉम कोरियट या इंग्रज प्रवाशाची मानतात. हा पठ्ठ्या अलेप्पोहून निघून अजमेरपर्यंत पायी आला आणि १६१७ मध्ये सुरतेत वारला. वारीची सवय असलेल्या आपल्या लोकांना त्याचं कौतुक वाटेल.

डुमसचा किनारा जवळ आहे, वाळू काळी आहे, भजी मिळतात आणि गर्दी असते. दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरू नका. भरती झपाट्याने चढते आणि आपल्या पोरांना विहिरीतलं पोहणं येतं, समुद्रातलं नाही.

बस्ता आणि हे सगळं एकाच फेरीत जमेल का?

जमेल, पण बस्ता आधी करू नका. साड्यांचे गठ्ठे उचलून कुणी किल्ला चढत नाही. सकाळची गाडी पकडून दुपारी पोचलात तर त्या दिवशी किल्ला आणि चौक बाजार. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत कबरस्तान, मग मुघलसराई, नर्मदांचं घर आणि वाटेत झांपा बाजारातला १८७१चा घड्याळाचा मनोरा. बस्ता तिसऱ्या दिवशी, अख्खा दिवस ठेवून. घरातल्या आत्या-मावश्यांना हे पटवणं अवघड आहे. आमच्याकडे आत्याबाई आधी रागावल्या होत्या, पण व्हान रीडच्या घुमटाखाली बसल्यावर त्याच म्हणाल्या, थांबा, अजून जरा बसू.

भाषेची अडचण येते का? आईला फक्त अहिराणी येते.

आईला सगळ्यात कमी अडचण येईल. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागात रिक्षावाला 'कथा जाई ऱ्हायना भाऊ?' असं विचारतो. जुन्या शहरात मात्र गुजराती आणि हिंदी. अहिराणी आणि गुजराती इतक्या जवळच्या, की आईला तिथल्या बायकांचं बोलणं तुमच्यापेक्षा आधी कळेल.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत गेलात तर पोंक मिळतो, म्हणजे आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा. आपण शेतात आगटीवर भाजून खातो, ते त्याचे वडे करतात आणि शेवेबरोबर खातात. उंधियू, म्हणजे मिश्र भाज्यांची भाजी, तीही तेव्हाच. लोचो आणि खमण हे डाळीचे वाफवलेले पदार्थ बाराही महिने. घारी, म्हणजे तिथली खव्याची तुपातली मिठाई, मात्र कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, तिच्या हंगामात खावी. तिखटाची सवय असलेल्यांनी ठेच्याची बाटली बरोबर न्यावी, तिथल्या भाजीत साखर असते.

पावसाळ्यात तापीचा अंदाज घेऊन निघा. ऑगस्ट २००६च्या पुरात शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता. आपल्या कित्येक नातेवाइकांनी ते दिवस गच्चीवर काढले.

परतताना वाटेत काही बघता येईल?

बारडोलीला उतरा. १९२८चा सारावाढीविरुद्धचा सत्याग्रह इथला. वल्लभभाईंना 'सरदार' हे नाव याच लढ्यात मिळालं. स्वराज आश्रम आणि संग्रहालय दोन तासांत होतं. गाडी असेल तर हरिपुरा गाठा. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला भरलं, आणि त्यानंतरचं फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला, सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली. दोन्ही मंडपांच्या सजावटीत नंदलाल बोस यांचा हात होता. एक गाव तापीच्या वरच्या अंगाला, दुसरं खालच्या.

म्हाताऱ्या माणसांना झेपेल का?

किल्ल्यात जिने आहेत, तिथे त्यांना खालच्या चौकात सावलीत बसवा. कबरस्तानातली जमीन उंचसखल आहे, चपला नीट घाला, काठी असू द्या. पाणी बरोबर ठेवा, आत मिळत नाही. संग्रहालयात अडचण नाही.